जाळीला हात लावायचा नाही

बाबांच्या घरी पोचले तेव्हा दारांवर, खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर, जागा मिळेल तिथे ओले कपडे लोंबत होते. मधोमध बाबा पेपर वाचत बसले होते. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा.

"ड्रायर म्हातारा झालाय," ते म्हणाले. "फिरतो, तापतो आणि दमून मध्येच बंद पडतो. माझ्यासारखाच."

दादाचं म्हणणं सोपं होतं. दादाची सगळीच म्हणणी सोपी असतात, कारण तो लांब राहतो. त्याने नवा ड्रायर मागवूनही टाकला होता. उद्या सकाळी माणसं येणार, नवा बसवणार आणि जुना घेऊन जाणार. बाबांना विचारायच्या भानगडीत तो पडलाच नव्हता.

"तुम्हाला चालेल का?" मी विचारलं.

"तुझ्या आईच्या पसंतीचा आहे तो. दुकानातला एकेक ड्रायर उघडून बघितला होता तिने, मी आपला पिशवी धरून उभा. आता न्यायचा तर न्या. मला काय विचारता?"

बाबा 'मला काय विचारता' म्हणाले की समजायचं, मनाला लागलंय. मी बाह्या वर सारल्या आणि मागच्या खोलीत गेले. उद्या सकाळपर्यंत हा ड्रायर चालता करायचा, नाहीतर आईची आणखी एक वस्तू घराबाहेर जाणार होती.

ड्रायरचं दार उघडून जाळी वर ओढली. कपड्यांतून सुटणारी लव त्या जाळीत अडकते. जाळी हलेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठे सुटली, आणि तिच्याबरोबर गोधडीसारखा जाडजूड करडा थर बाहेर आला. हसावं की ओरडावं कळेना. मी सवयीप्रमाणे ओरडले.

"बाबा! ही शेवटची कधी साफ केलीत?"

"मी?" बाबा दारात उभे, हात पाठीमागे. "मला त्या जाळीला हात लावायची बंदी आहे."

मग मला आठवलं. आम्ही शाळेत होतो तेव्हा बाबांनी एकदा याची आधीची जाळी चकचकीत करायला घेतली होती, भांड्यांच्या तारेच्या घासणीने. मोठं भोक पडलं. आईने ती फाटकी जाळी रात्री त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवली आणि जाहीर केलं, "आजपासून माझ्याशिवाय कुणी जाळीला हात लावायचा नाही." आम्हाला वाटलं, चार दिवसांचा राग. आई विसरलीही असेल. बाबा विसरले नाहीत. ती जाऊन वर्ष होत आलं, आणि हा गृहस्थ अजून बंदी पाळत होता.

"अहो बाबा, आई नाहीये आता."

"म्हणून तिचा शब्द मोडायचा?"

"बरं, मी उठवते बंदी."

"तू कोण उठवणार? लावली तिने."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतका राग आला होता, आणि इतकं रडूही येत होतं, की मी सरळ ड्रायरचा प्लग काढला आणि तो भिंतीपासून पुढे ओढला. मागची, गरम हवा बाहेर नेणारी वाकडी नळी सोडवली. तीही गच्च भरलेली. व्हॅक्यूम क्लीनरने आतली लव ओढून घेतली, बाहेरच्या भिंतीवरची झडप बोटाने हलवून मोकळी केली. जाळीवर पाणी ओतून पाहिलं, तर ते खाली झिरपेचना. आई ड्रायरमध्ये कपड्यांबरोबर सुवासिक कागद टाकायची, त्यांचा मेणचटपणा बसला होता. साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने तो काढला. ड्रममध्ये कपड्यांचा ओलावा ओळखणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्या व्हिनेगरने पुसल्या. बाबा दारातून सूचना करत राहिले. हात मात्र पाठीमागेच.

जाळी वाळल्यावर ओल्या चादरी आत टाकल्या. आम्ही दोघं तिथेच स्टुलं घेऊन बसलो. ड्रायर फिरला, तापला आणि बंद न पडता फिरतच राहिला. थांबल्यावर मी चादर बाहेर ओढली. कोरडी, आणि हात भाजेल इतकी गरम. मी ती तोंडाशी धरली आणि एकदम लहान झाले. थंडीत सकाळी आई अशाच चादरी थेट आमच्या अंगावर ओतायची. "उठा, नाहीतर तुमच्याच घड्या घालीन!" आम्ही कसले उठतोय! त्या ढिगाखाली दादाचे गार पाय माझ्या पोटाला लागायचे आणि मी किंचाळायचे.

दादाला फोन लावला. "चालतोय. नवा रद्द कर."

"उगाच डोकं लावू नकोस. जुनाट..." तो थांबला. "चादरी गरम निघाल्या का गं?"

"हो."

मग तो म्हणाला, "करतो रद्द."

आता प्रश्न एकच होता. "मी उद्या जाणार, बाबा," उरलेले कपडे आत टाकत मी म्हटलं. "दर वेळी ती जाळी पुसावी लागते. कोण पुसणार?" बाबा बाहेर जाऊन पेपर घेऊन बसले, मी समोर घड्या घालत बसले.

ड्रायरची घंटी वाजली.

"अगं, झालं!" बाबांनी बसल्या जागेवरून हाक दिली.

ही हाक या घरात हजारदा ऐकलेली. तिच्यामागून आईचं "आले, आले" यायचं आणि चपलांचा आवाज. मी अर्धवट उठले, आणि मुद्दाम परत बसले. बाबांच्या हातातला पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हळूच उठले आणि मागच्या खोलीत गेले. जाळी सरकल्याचा आवाज आला.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पातळशी करडी लव होती.

"ही ती कुठे टाकायची?" त्यांनी विचारलं.

साधी कचऱ्याची पेटी दाखवता आली असती. पण ही कुठे टाकू, असं ते विचारत नव्हते; आई कुठे टाकायची, ते विचारत होते. मी आठवून पाहिलं. आईला जाळी काढताना हजारदा पाहिलं होतं, पण पुढे ती त्या लवेचं काय करायची, ते कधी बघितलंच नव्हतं.

"मला नाही माहीत, बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले. आम्ही दोघं त्यांच्या तळहाताकडे बघत राहिलो, आणि विचारायला घरात कुणी नव्हतं.