चंपाषष्ठीचा प्रवासी

छत्रीला मधोमध भोक पाडावं, ही सूचना माझी होती. माझी म्हणजे काय, एका मासिकात वाचलेली. जळगावच्या वाचनालयात नोकरी करून मी निवृत्त झालो. स्वतःहून काही सुचल्याचं मला फारसं आठवत नाही. त्या मासिकात लिहिलं होतं की पॅराशूटच्या माथ्याला भोक ठेवलं तर ते झोके न खाता सरळ उतरतं. मी ते मेहरुनला सांगितलं आणि लगेच पस्तावलो.

मेहरुन ही जब्बारभाईंची मुलगी. पहूरकडच्या ज्या गावात माझी मोठी बहीण भिकुबाई दिलेली आहे, तिथल्या चंपाषष्ठीच्या जत्रेत शोभेची दारू उडवायचा मान जब्बारभाईंच्या घराण्याचा. जळगावच्या पिंप्राळ्याहून मी दरवर्षी अक्काकडे भरीत खायला जायचो, तेव्हा त्यांच्या हवया बघायला मिळायच्या. हवई म्हणजे दिवाळीतल्या बाणाचीच मोठी बहीण. हातभर लांबीची, बांबूच्या काडीला बांधलेली. त्या वर्षी जब्बारभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. दारू गेली कित्येक वर्षं मेहरुनच भरत होती, ते गावाला ठाऊक होतं. पण जत्रेत पुढे उभं राहून उडवायची म्हणजे गोष्ट निराळी, असं पंचांना वाटत होतं. पंचांतल्या सुकदेव आबांनी धुळ्याहून बन्सीलाल नावाच्या आतषबाजाला बोलावणं धाडलं होतं.

मी गेलो त्या दिवशी आबा अक्काच्या ओट्यावर चहा पीत होते. मी आपलं वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. परदेशात आता खाजगी कंपन्या स्वस्तात लहान लहान उपग्रह सोडू लागल्या आहेत आणि पुढेमागे माणसंही तिकीट काढून वर जातील, अशी काहीशी बातमी होती.

"तिकीट काढीसन?" आबांनी बशी खाली ठेवली. "वर शे काय देखाले?"

"काही नाही बहुतेक," मी म्हणालो. "खालचंच वरून दिसतं."

आबा बराच वेळ हसले, आणि मग त्यांच्या डोक्यात ते शिरलं. जत्रेत बन्सीलाल आणि मेहरुन, दोघांनी हवई उडवायची. दोन्ही हवयांतून एकेक प्रवासी वर जाईल. ज्याचा प्रवासी धडधाकट खाली येईल, त्याला पुढच्या जत्रेचा मानाचा विडा. प्रवासी कोण? चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य, तेव्हा प्रवासी वांगंच.

संध्याकाळी मेहरुन अक्काकडे आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"नाना, तुमच्या पेपरनं माझं घर उन्हात बांधलं," ती म्हणाली. "आता मदत करा."

"मला त्यातलं काय कळतं?"

"मला वर न्यायचं कळतं. खाली आणायचं मी कधी केलंच नाही. आमची हवई वर जाऊन फुटली की आमचं काम संपलं."

ती हसत होती, पण तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती. विडा धुळ्याला गेला तर पुन्हा तिच्या घरी येणार नव्हता. तिला दुसरं काही करायचंही नव्हतं. तिचं स्थळ दोनदा मोडलं ते दारूच्या वासापायी, असं अक्का सांगायची. मेहरुन म्हणायची, बरं झालं, नाक तरी कळलं त्यांचं.

म्हणून मी ते भोक सांगितलं. शिवाय आणखी एक सांगितलं, की प्रवासी जितका लहान तितकी हवई स्वस्त आणि हलकी. अक्काच्या मळ्यातलं सगळ्यात लहान, मुठीएवढं वांगं निवडलं. मेहरुननं जुन्या ओढणीची छत्री शिवली, माथ्याला रुपयाएवढं भोक ठेवलं, आणि खाली सुताचं छोटं शिंकं विणलं. वांगं शिंक्यात, शिंकं छत्रीला, छत्रीची घडी हवईच्या टोकाला. जब्बारभाई बाजेवर बसून हातानं एकेक गाठ चाचपत होते.

"जोडी केलीस ना?" त्यांनी विचारलं.

"केली, अब्बा."

मला म्हणाले, "नाना, आमच्यात हवई एकटी करत नाहीत. एक उडवायची, एक घरी न्यायची. पहिलीचं काय चुकलं ते दुसरी सांगते."

चंपाषष्ठीला सूर्य कलला तेव्हा देवळामागच्या मोकळ्या रानात माणसं दाटली होती. कडेला कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांचे ढीग पेटले होते, भरताची वांगी भाजत होती आणि पिवळा भंडारा उधळला जात होता. बन्सीलाल पांढऱ्या सफारीत आला होता. मेहरुनची छत्री उलगडून त्यानं भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"काका, ही छत्री आहे का चाळणी?"

माणसं हसली. मीही हसलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

आधी त्याची हवई गेली. खरं सांगतो, अप्रतिम गेली. उंच जाऊन पाच रंगांच्या चांदण्या उधळल्या. पण त्या चांदण्यांतच त्याची छत्री पेटली आणि त्याचं भलंमोठं वांगं धूर सोडत कोसळलं.

आबांनी ते काडीनं उलटंपालटं केलं. "प्रवासी भाजी गया. मीठ लावा याले."

"पण उंची बघितली ना आबा?" बन्सीलाल म्हणाला.

मग मेहरुन पुढे आली. एरवी अशा वेळी गर्दी शिट्या मारते; तेव्हा कुणी मारली नाही. तिनं वात पेटवली आणि चार पावलं मागे सरकली. हवई सुर्रकन गेली, टोकाशी हलका आवाज झाला, छत्री उघडली. मी श्वास सोडला. आणि त्याच झटक्यात शिंक्यातून काहीतरी सटकलं आणि दगडासारखं खाली आलं. रिकामी छत्री मात्र अगदी सरळ, एकही झोका न घेता, डौलात उतरली.

"भोक पाडलं की माल सांडणारच!" बन्सीलाल ओरडला.

सगळं रान हसलं. मेहरुननं माझ्याकडे पाहिलं नाही, तेच मला जास्त लागलं. वाटलं, मासिकात चुकीचं छापलं असेल, किंवा मीच चुकीचं वाचलं असेल. भोक छत्रीला नसून दुसऱ्याच कशाला पाडायचं असेल. निदान छत्री तरी गोळा करावी म्हणून मी गेलो. शिंकं उचललं. एकही धागा तुटला नव्हता. गाठी जशाच्या तशा. आणि माझी बोटं बुळबुळीत झाली होती. वास घेतला. शेंगदाण्याचं तेल.

सगळ्यांसमोर बोलायची मला सवय नाही. तरी म्हणालो, "आबा, याला तेल लागलंय." कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणालो तो आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. "वांग्याला तेल कुणी लावलं?"

"मी लावं!" भरताच्या जाळापासून अक्का ठसक्यात म्हणाली. "आगजोडे धाडी ऱ्हायनात त्याले. तेल नही लावं ते फुटी जाई ना! काडीनं टोची बी दिधं."

सगळे बन्सीलालची हवई बघत होते तेव्हा आमचं वांगं शिंक्यासकट तिच्या परातीशेजारीच ठेवलेलं होतं. आबांचं पोट हसून हलायला लागलं. गावातल्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं. विस्तवाजवळ जाणारं वांगं तेल लावल्याशिवाय पाठवायचं, हे अक्काच्या हातांना जमण्यासारखं नव्हतं.

"भिकुबाई, प्रवासीले आंघोळ घालीसन धाडं का तू?"

"आबा, माझी जोडीतली दुसरी आहे," मेहरुन पुढे होऊन म्हणाली. "छत्री तीच. एकदा उडवू द्या."

"एकाच वेळेचं ठरलं होतं," बन्सीलाल म्हणाला.

"तुन्हं वांगं भाजाई गयं, तिन्हं निसटी गयं. अजून कोणीच जिकं नही," आबा म्हणाले. "वांगं लयी या!"

वांगं आणायला माणसं पळाली, आणि तिथंच घोडं अडलं. जत्रेची वांगी सकाळपासून तेल लावून, टोचून ठेवलेली होती. पुसली तरी बुळबुळीतच. सूर्य टेकला होता. मेहरुननं त्यातलं एक लहान वांगं उचललं, चुलीच्या राखेकडे पाहिलं, मग आबांच्या पिवळ्या झालेल्या हातांकडे.

"आबा, तुमचा हात लावता का याला?"

आबांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि वांगं मुठी मुठीनं माखलं, नवरदेवाला हळद लावावी तसं. ते कोरडं, खरखरीत झालं. मेहरुननं शिंकं पिळून पुसलं, त्यालाही भंडारा फासला, वांगं आत बसवून उलटं धरलं, हलवलं. पडलं नाही.

ती वात पेटवायला वाकली तेव्हा जब्बारभाईंनी मला विचारलं, "नाना, वारा आहे का?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक काढा त्यातलं."

"नाही," मी म्हणालो.

हवई गेली. छत्री उघडली. खाली सांज झाली होती, पण वर अजून ऊन होतं, आणि त्या उन्हात एक पिवळं वांगं शांतपणे लोंबकळत होतं. आबा वर बघत पुटपुटले, "खालनं बठ्ठं दिखत व्हई त्याले." माणसं त्याच्या खालून माना वर करून धावत होती, एकमेकांवर आपटत होती. ते आलं ते सरळ अक्काच्या परातीशेजारी. आबांनी उचललं, दाबून पाहिलं, देठ पाहिला.

"धडधाकट," ते म्हणाले, आणि विड्याचं तबक मागवलं.

मेहरुननं विडा घेतला, तो आधी जब्बारभाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो चाचपला आणि तिला परत दिला. बन्सीलालनं पहिली शिटी मारली, हे मात्र त्याला मानलंच पाहिजे. नंतर माझ्या शेजारी बसून तीन भाकरी खाता खाता त्यानं भोकाचं माप विचारून घेतलं.

"आते भाजू का याले?" अक्कानं प्रवाशाला हातात तोलून विचारलं.

"भाजा," मेहरुन म्हणाली. "पण तेल लावून."

त्या मुठीएवढ्या वांग्याचं भरीत गावभर चिमूट चिमूट वाटलं. माझ्या वाट्याला बोटाला लागलं तेवढंच आलं. अंमळ हळदीची चव होती. छत्री भोकामुळे सरळ उतरली, की वारा पडला होता म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मेहरुन मात्र तेव्हापासून प्रत्येक छत्रीला भोक पाडते आणि त्याला नानांचं भोक म्हणते. मला त्याचा संकोच वाटतो. नको म्हणून मी तिला कधी सांगितलेलं नाही.