उरलेल्या दहा सळ्या

“सळई उरली तर हरखून जाऊ नका. ती कुठली, ते आधी शोधा.”

बाबांना जाऊन वर्ष झालं, तरी त्यांचा हा आवाज कानातून काही जात नव्हता. टेपताई शिडीच्या पायथ्याशी उकिडवी बसली आणि भिंतीला टेकवलेल्या सळ्या पुन्हा मोजू लागली. दहा. कापलेल्या, दोन्ही टोकं वळवलेल्या. तिने कागदावर काढून दिल्या होत्या अगदी तशा.

कमरेला सदा टेप, म्हणून कामगारांनी तिचं हे नाव पाडलं होतं. सळ्या किती लागतील याचा अंदाज तिने काढायचा आणि धाकट्या भावाने त्या बांधायच्या, अशी बहीणभावाची वाटणी होती. आता तो वर, दवाखान्याच्या लांबलचक दालनावर, सळ्यांच्या जाळीला तारेच्या शेवटच्या गाठी मारत होता. उद्या सकाळी सातला स्लॅबचं काँक्रीट पडायचं होतं.

“दहा उरल्यात रे,” शिडीवरून डोकं वर काढत ती म्हणाली.

“मग जरा हस की! वाया जाईल म्हणून तू थोडं जास्तीचं धरतेसच.”

“वाया जातं ते कापताना. कापून वळवलेली सळई उरत नसते. तिची जागा ठरलेली असते.”

“झालं सुरू! अगं ताई, एक दिवस तरी बाबांना घरी ठेवून ये.”

ती हसली नाही. तोल सांभाळत जाळीवरून एका टोकापासून मोजत निघाली. चोवीस मीटर, दर पंधरा सेंटीमीटरला एक. म्हणजे एकशे एकसष्ट हव्यात. एकशे एक्कावन्न भरल्या. परत येताना पुन्हा मोजल्या. आकडा जागचा हलला नाही.

“विरळ बांधल्यास.”

“मी? मापाचा गुटका लावल्याशिवाय एक सळई ठेवली असेन तर कान काप माझे.” मग त्याचा आवाज खाली आला. “ताई, दहाच तर आहेत. स्लॅब काय लगेच पडतोय? सगळं सोडवायचं म्हणजे उद्याचं काँक्रीट गेलं. ठेकेदाराने बजावलंय, पुन्हा उशीर झाला तर दुसरा माणूस बघीन.”

तिला ते ठाऊक होतं. भावाचं घर या कामावर चालत होतं. पण या स्लॅबवर पाण्याची टाकी बसणार होती, आणि खाली बाकांवर आजारी माणसं.

बाबांच्या खाटेपाशी दोघांनी शब्द दिला होता. चूक काँक्रीटखाली गाडायची नाही. आणि ज्याची चूक, पहिली गाठ त्यानेच सोडायची. जाळीवर पडलेली पकड तिने उचलली. ती भावाच्या हातात ठेवायची, एवढंच उरलं होतं. तिचा हात काही पुढे होईना.

“गुटका दाखव,” ती म्हणाली.

त्याने खिशातून लाकडाचा तुकडा काढला. एका सळईला तो टेकवायचा, त्याला लागून दुसरी ठेवायची, ही बाबांची रीत. तिने टेप लावली. पंधरा सेंटीमीटर, केसाचाही फरक नाही. कडेला पेन्सिलीची बारीक रेघ होती. तिच्याच हातची.

जुना गुटका हरवला तेव्हा तिनेच हौसेने हा कापून दिला होता. बाबांचा किंचित आखूड होता. म्हाताऱ्याची करवत सरकली असेल, असं म्हणून ती हसलीही होती. पण पंधराचं अंतर धरायचं ते एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत, आणि सळईचं अंगच एक सेंटीमीटर. गुटका हवा चौदाचा. कागदावर हे तिला झोपेतही चुकलं नसतं.

“याने आणखी काय बांधलंस?”

“काही नाही. हाच स्लॅब पहिला.” तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. “काय झालं गं?”

“एक सेंटीमीटर जास्त आहे. मी कापलाय.”

त्याने गुटका तिच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाला, “तार कमी पडली म्हणून उशीर, असं सांगतो ठेकेदाराला.”

“नको. मी सांगेन. माझी चूक म्हणूनच सांगेन.”

तिने पदर खोचला, पकड घट्ट धरली आणि जाळीच्या पार त्या टोकाला गेली. पहिली सळई जागेवरच होती. दुसरीची गाठ सोडायला ती खाली बसली.