उसना उजेड

त्याने कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं डोकं वर केलं, बाजूला वळवलं आणि पुन्हा सरळ केलं. प्रत्येक वेळी खट् असा आवाज आला. काउंटरपलीकडची दुकानदार बाई त्याच्या हाताकडे बघत होती.

"सरळ तोंडावर मारू नका," ती म्हणाली. "माणसं पीठ फासल्यासारखी पांढरी येतात आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. डोकं छताकडे ठेवायचं. उजेड छतावर आपटतो आणि खाली येईपर्यंत मऊ होतो."

"छत उंच असलं तर?"

"मग हा नको, ताकदीचा घ्या. कार्यक्रम कसला आहे?"

"मुलीचं लग्न. हॉलमध्ये आहे."

"मग फोटोग्राफर असेलच की. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? मुलीच्या लग्नात बापाला श्वास घ्यायला तरी सवड मिळते का?"

त्याने ताकदीचा फ्लॅश पुढे ओढला.

त्याला सवडच सवड असणार होती. मुलीने फोनवर तसं सांगितलंच होतं. "तुम्ही फक्त या. सगळं ठरलंय, तुम्हाला काही करायचं नाहीये." तिने ते सोयीसाठी म्हटलं असेल, पण ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली होती. एका फेरीवरून तो घरी आला, तेव्हा बायकोने आवाजही न चढवता सांगितलं, की वाट बघायचा आता कंटाळा आला. मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. पुढे बायकोने चष्म्याचं दुकान असलेल्या एका शांत माणसाशी लग्न केलं. मुलगी त्याला काका म्हणायची. तिला सायकल शिकवली ती काकाने. तिच्या परीक्षांना जागला तो काकाच. बाप बंदराबंदरांतून बाहुल्या पाठवत राहिला, तिचं बाहुल्यांचं वय उलटून गेल्यावरसुद्धा.

गळ्यात कॅमेरा असला की माणूस एकटा का उभा आहे, असं कुणी विचारत नाही. एवढा एकच विचार करून तो दुकानात आला होता.

घरी त्याने कसून सराव केला. खुर्चीवर उशी उभी करून तिचे फोटो काढले, उशीच्या जागी आरशासमोर स्वतःला बसवलं. फ्लॅश थोडा मागे झुकवला तर डोळ्यांखालची काळोखी कमी होते, हे त्याच्या ध्यानात आलं. इंजिनाची माणसं हाताने शिकतात. लग्नाच्या दिवसापर्यंत त्याचा हात चांगला बसला.

नोंदणी सकाळीच उरकली होती. संध्याकाळी हॉलमध्ये पाहुणे जमले. हॉलचं छत उंच होतं खरं, पण पांढरं होतं. त्याला बरं वाटलं. ठेवणीतला कोट, गळ्यात कॅमेरा, त्यावर नवा फ्लॅश. कुणी ओळख विचारलीच तर तो "मुलीचे वडील" म्हणायचा, आणि समोरच्याची नजर नकळत काकाकडे जायची.

फोटोग्राफर धिप्पाड आणि चपळ होता. त्याने हॉलच्या दोन कोपऱ्यांत स्टँडवर एकेक फ्लॅश उभा केला होता. तो इकडे बटण दाबायचा आणि कोपरे एकदम उजळायचे. बापाने ते कौतुकाने पाहिलं आणि त्याच्या वाटेत न येता आपलं काम सुरू केलं.

भाषणं झाली. काकाला बोलायचा आग्रह झाला, पण तो दोन वाक्यांतच अडखळला, "बस, सुखात राहा" म्हणाला आणि खांबाच्या आडोशाला जाऊन चष्मा पुसू लागला. मुलगी मंचावरून खाली उतरली. लोक वाट देत गेले. तिने जाऊन काकाच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि काकाचा चष्मा धरलेला हात तसाच हवेत राहिला.

बाप अगदी समोर होता. त्याने बटण दाबलं. मागोमाग फोटोग्राफरने दाबलं.

"छे," फोटोग्राफर आपल्या पडद्याकडे बघत पुटपुटला. मग तो जवळ आला. "सर, तुमचा फ्लॅश उडाला की माझे कोपऱ्यातले दोन्हीपण उडतात. त्यांना इशारा देणारा रेडिओ बिघडलाय, म्हणून आज ते नुसता उजेड बघून पेटताहेत. उजेड कुणाचा, ते त्यांना कळत नाही. पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागतो, तोवर माझा फोटो काळा येतो. आत्ताचा गेला."

"मला कल्पना नव्हती," तो म्हणाला.

"असं कुणी सांगत नाही म्हणा. पण आता..."

तेवढ्यात मुलगीच आली. डोळे अजून ओले होते. तिने फोटोग्राफरचं तोंड पाहिलं आणि काय झालं ते तिला कळलं.

"तो फोटो नाही आला?"

"नाही, मॅडम. पुन्हा उभे राहता का दोघं?"

"पुन्हा कसं उभं राहणार?" ती म्हणाली. मग बापाकडे वळून अगदी हळू, लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "बाबा, तुम्ही बसून घ्या ना. जेवून घ्या. मी म्हटलं होतं ना, तुम्हाला काही करायचं नाहीये."

"हो ठमे," तिचं लहानपणीचं नाव त्याच्या तोंडून गेलं.

तिचा नवरा शेजारीच उभा होता. त्याने हसून विचारलं, "ठमी कोण?"

"कुणी नाही रे," ती म्हणाली.

त्याने फ्लॅश बंद केला. ताट घेतलं. जेवण कसं होतं ते त्याला नंतर आठवेना.

घरी त्याने फोटो मोठ्या पडद्यावर टाकले. बहुतेक बरे होते, सरावाच्या उशीइतपत. तो फोटो मात्र बघतच राहावा असा होता. समोरून त्याच्या फ्लॅशचा मऊ उजेड आणि दोन्ही बाजूंनी कोपऱ्यांचा. तिच्या केसांची कड सोन्यासारखी निघाली होती. काकाच्या पापणीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. एवढा चांगला फोटो त्याच्या हातून आयुष्यात आला नव्हता. त्यातला अर्धा उजेड दुसऱ्याचा होता, आणि सगळी माया तिसऱ्याची.

काही दिवसांनी तिचा फोन आला.

"बाबा, त्या वेळचा फोटो तुमच्याकडे आलाय का? फोटोग्राफर म्हणत होता, तुमचा आला असेल."

"आलाय. चांगला आलाय."

"खरंच?" तिचा आवाज एकदम हलका झाला. बापाशी बोलताना तो कधी इतका हलका नसायचा. "पाठवा ना मग."

"फोनवर बारीक येईल. मी मोठा छापून ठेवतो. तू ये की घ्यायला. बघशीलही घर. इकडे आलीच नाहीस कधी."



"बघते," ती म्हणाली. "नाहीतर काकाला पाठवते."

रविवारी त्याने घर आवरलं. खुर्चीवरची उशी पलंगावर ठेवली, दोन कप धुऊन पालथे घातले. फोटो पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवला. घंटी वाजली तेव्हा त्याने शर्टाची वरची गुंडी लावली.

दारात काका होता. जिने चढून दमला होता.

"या, बसा."

काका बसला नाही. त्याने पुठ्ठा उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ फोटो बघत राहिला.

"फार सुरेख काढलाय तुम्ही," तो शेवटी म्हणाला. "तुमचा नाही का एखादा, तिच्याबरोबरचा?"

"मी काढत होतो ना."

"हं." काकाने पुठ्ठा मिटला. त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं.

"चहा टाकतो."

"नको, नको. खाली..." काका म्हणाला. त्याची नजर पायांतल्या चपलांकडे गेली. "खाली गाडी वाटेत लागलीय."

"बरं," तो म्हणाला. "जिन्यातला दिवा गेलाय. सांभाळून उतरा."

त्याने दार सताड उघडून धरलं, म्हणजे खोलीतला उजेड निदान पहिल्या वळणापर्यंत पोचेल. काका कठडा धरून, पुठ्ठा छातीशी घेऊन उतरत गेला. पावलं खाली पोचली. गाडीचं दार उघडलं, आणि जिन्याच्या पोकळीतून तिचा आवाज स्वच्छ वर आला.

"मिळाला का रे, काका?"