पालखी जिथे थांबत नाही

शनिवार, दिनांक १५ मार्च २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. तेजश्रीच्या शोधनिबंधातील तक्ता क्रमांक तीनमध्ये एकूण घरे बेचाळीस होती आणि नळ जोडलेली घरेही बेचाळीसच.

शंभर टक्के हा आकडा मला सहसा रुचत नाही. मी पदविकाधारक अभियंता; उभी नोकरी सिंचन खात्यात झाली. तंत्रनिकेतनात आम्हाला पहिल्याच सत्रात बजावले होते, की मोजमाप फारच नेमके जुळले तर आधी टेप तपासावी.

तेजश्री माझ्या दिवंगत पुतण्याची मुलगी. पोलादपुरात माझ्याकडे राहून ती महाडच्या महाविद्यालयात राज्यशास्त्रात एम.ए. करते. एखाद्या निर्वाचित अध्यक्षाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन, असा विषय वर्गाला नेमून दिलेला होता. इतरांनी देशोदेशीचे राष्ट्राध्यक्ष निवडले. तिने मात्र आमच्या भोमवाडीच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष हैबती यांना निवडले, कारण वाडीत रस्ता, सभामंडप, पाणी यांपैकी काय व्हायचे ते हे मंडळच ठरवते. माहिती गोळा करण्यापूर्वी आम्ही दोघांनी निकष निश्चित केले होते: आश्वासन काय दिले, काम कोणते झाले आणि ते किती घरांपर्यंत पोहोचले. निबंध सोमवारी दुपारी बारापर्यंत सादर करायचा होता.

"एकूण घरे कशी मोजलीस?" मी विचारले.

"पालखीच्या क्रमानं. शिमग्याला पालखी ज्या दारात थांबते, ते घर. गावकीसुद्धा तसंच मोजते, आजोबा."

पद्धत सुसंगत वाटत होती. म्हणूनच आधीच्या मसुद्यात मीही तिला हरकत घेतली नव्हती. तरीही कागदावरचे जागेवर जाऊन पडताळावे, असे मी सुचवले. शिमगा असल्याने अध्यक्षही गावात भेटणार होते. कुडपणच्या वाटेची जीप मिळाली आणि आम्ही वर भोमवाडीत पोहोचलो.

हैबती सहाणेजवळच, म्हणजे पालखी बसवण्याच्या चौथऱ्याजवळ, ती सजवणाऱ्या मंडळींत उभा होता. नात्याने तो तेजश्रीचा चुलत काका. पंधरा वर्षे तो बिनविरोध अध्यक्ष होता. येत्या एप्रिलमध्ये प्रथमच त्याच्यासमोर दुसरा उमेदवार उभा राहणार होता. मतदानापूर्वी मुंबईच्या सभेत हा निबंध वाचून दाखवायचा, हे त्याने परस्पर ठरवून टाकले होते आणि सर्वांना सांगूनही ठेवले होते. "आपल्या गावची पोर, वर कॉलेजचा शिक्का. अजून काय प्रूफ पायजे?" असे तो चार माणसांसमोर म्हणाला. नळयोजनेचे त्याचे श्रेय मी नाकारत नाही. डोंगरातल्या उगमापासून टाकीपर्यंतचा उतार मी स्वतः पाहिलेला आहे आणि काम उत्तम आहे.

मी तेजश्रीला घरांच्या पुढील बाजूने न नेता मागील पाणंदीने नेले, कारण पाइप तिकडून जातो. पाणंद संपते तिथे जुना झरा आहे. नळयोजना झाल्यापासून तो ओस असेल, अशी माझी समजूत होती. तिथे सहा-सात बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. वाटीने पाणी उपसून हंडा भरणारी बाई तेजश्रीची आई, येसूबाई होती.

"आई, धाकट्या काकांच्या दारात नळ आहे ना आपला?"

"आपला नाय गो, त्यांचा. त्यांच्या चुलीचा. धाकट्या जावेचं डोकं फिरलं की कॉक बंद."

पुढचे मला बनुबाईने समजावले. ती शेजारची, वयस्कर. नवरा गेला की बाईची चूल वेगळी होते, पण पालखी तिच्या दारी थांबत नाही. ती दिराच्या दारी जाऊन ओटी भरते. गावकीत तिचे घर दिराच्या घरातच धरले जाते आणि मंडळाने नळ दिले ते पालखीच्या क्रमाने. अशा सात चुली होत्या. बारावीपर्यंत तेजश्रीने स्वतः याच झऱ्यावरून पाणी वाहिले होते आणि तरीही तिच्या बेचाळिसांत तिची आई नव्हती. वही उघडून ती सातही चुली लिहू लागली.

ही बातमी आमच्याआधी सहाणेवर पोहोचली. आम्ही येसूबाईच्या अंगणात टेकतो न टेकतो तोच हैबती आला. सोबत प्लंबर आणि त्याच्या खांद्यावर पाइपचे भेंडोळे.

"तात्या, तुमी इंजिनियर माणूस. मोजनी गावकीची धरायची का बायकांची?"

"चूल पेटते तिथे पाणी लागते," मी म्हणालो.

ते त्याला आवडले नाही. तो तेजश्रीकडे वळला. "दो घंटे का काम हाय. आत्ताच्या आत्ता तुझ्या आईच्या दारात नळ. तक्ता फक्त हाय तसा ठेव."

प्लंबरने सांगण्याची वाट न पाहता कुदळ मारायला सुरुवात केली होती. हैबतीने आवाज मुळीच चढवला नाही. पोरीचे लग्न उद्या गावकीलाच उभे करायचे आहे, मांडव घालायला आणि पंगत वाढायला माणसे याच वाडीतून येणार आहेत, एवढेच तो येसूबाईकडे पाहून बोलला. झऱ्यावरच्या बाया एव्हाना अंगणात जमल्या होत्या.

येसूबाईच्या उजव्या गुडघ्याला सूज होती. ओझे उचलू नये, असे महाडच्या डॉक्टरांनी सांगून वर्ष झाले होते, हे मला ठाऊक होते आणि तेजश्रीलाही. ती आईच्या गुडघ्याकडे पाहत होती. ती आता हो म्हणणार, याची मला जवळजवळ खात्री झाली, आणि तिला अडवण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. माझ्या घरात दोन नळ आहेत.

"आई, तू सांग," ती म्हणाली.

येसूबाईने पदर खोचला. "लावा की भावोजी. नळाला मी कशाला नको म्हनू? पोर मग त्रेचाळीस लिवील."

"आनि माज्या दारात लावलात तर चव्वेचाळीस," बनुबाई म्हणाली, तशा दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

हैबती हसला नाही. "एकूण किती लिवनार?"

"एकोणपन्नास, काका," तेजश्री म्हणाली.

कुदळ थांबली. हैबतीने त्या वीतभर चराकडे पाहिले. सात नळ देऊन टाकले असते तर तो मुंबईच्या सभेत ताठ मानेने उभा राहू शकला असता. मला वाटते, क्षणभर ते त्याच्याही मनात आले असावे. परंतु मग विधवेचे घर वेगळे का धरले, याचे उत्तर बेचाळीस दारांतल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाला द्यावे लागले असते, आणि मते त्या पुरुषांची होती.

"पाइप मंडळाचा हाय," अखेर तो म्हणाला. "मीटिंगशिवाय लावता येत नाय." त्याने प्लंबरला खूण केली. भेंडोळे पुन्हा खांद्यावर गेले.

येसूबाईने पायाने माती ओढून चर बुजवला आणि हंडा उचलला. तेजश्रीने तो तिच्याकडून घेतला आणि ती झऱ्याकडे निघाली. चार खेपा करून ती परतली. तोवर सहाणेवर ढोल सुरू झाला होता. पालखी निघाली, येसूबाईच्या दारावरून पुढे गेली आणि तिच्या दिराच्या दारात थांबली. येसूबाई ओटीचे ताट घेऊन तिकडे गेली नाही. तिला कोणी हाकही मारली नाही.

परतीच्या जीपमध्ये तेजश्रीला हैबतीविषयीचा गौरवाचा परिच्छेद काढून टाकायचा होता. मी तेवढ्यालाच हरकत घेतली: पाणी त्यानेच आणले, ते तसेच राहावे. रागाने का होईना, तिने ते ठेवले. खाली एक वाक्य जोडले, की घर मोजण्याची रीत हाच या कारकिर्दीचा सर्वांत मोठा निर्णय होता आणि तो कोणत्याही सभेत घेतला गेला नव्हता.

सोमवारी मुदतीच्या आत निबंध सादर झाला. तक्ता क्रमांक तीन, लाभाचे प्रमाण: ८५.७ टक्के.