अंगुस्तानाची मोहोर

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो; अक्रोडाच्या लाकडाची, पितळी कुलपाची. आज काचेच्या कपाटात बसले आहे. शेजारच्या पाटीवर 'निःपक्षपाताची साक्षीदार' असे लिहिले आहे. साक्ष मला कुणी विचारलीच कुठे?

आमच्या जर्मन राजाला मोर पाळायची हौस होती, तशीच विद्वान पाळायची. त्याने अकादमी काढली. सदस्य दर गुरुवारी जमत, मानाप्रमाणे खुर्च्या धरत आणि एकमेकांचे लेख ऐकताना डोळे मिटून चिंतन करत. ते चिंतन घोरण्याच्या रूपाने दाराबाहेरही ऐकू येई.

दर दोन वर्षांनी अकादमी देशाला एक प्रश्न घाली. उत्तराच्या निबंधावर नाव लिहायचे नाही, एक वचन लिहायचे. तेच वचन बंद लिफाफ्यावर, आणि आत नाव. लिफाफे माझ्या पोटात राहत. जिंकलेल्याचा फोडायचा, बाकीचे न उघडता विस्तवात; हरलेल्याची अब्रू झाकली जावी म्हणून. रीत चांगली होती, माणसे नव्हती.

त्या साली प्रश्न होता, नदीचे बांध का फुटतात? पहिल्या आलेल्या निबंधावर लॅटिन वचन होते: थेंब दगड झिजवतो. पाण्याविषयी लिहिताना लॅटिन शिकलेल्या कुणालाही हेच सुचणार. हरलेल्या एका निबंधावरही तेच होते. सचिव त्साइडलर यांनी हाताला आधी लागलेला लिफाफा फोडला आणि बाकीचे न बघता जाळले. नाव निघाले बॅरन फॉन क्वेर्नहोल्ट. छापील निबंध आपला नाही हे बॅरननी ओळखले, आणि पदक खिशात घातले.

वसंतात गेझीना टोल्कमिट त्साइडलर यांच्याकडे आल्या. त्यांचे पती नदीकाठच्या गावचे पाद्री, बांध फुटला तेव्हा वाहून गेलेले. त्यानंतर अकरा वर्षे या बाई रोज नदीचे पाणी मोजत होत्या.

"साहेब, तो निबंध माझा. हा कच्चा मसुदा, पान न् पान जुळवून बघा."

"तुमचा लिफाफा कुठाय?"

"तुम्हीच जाळला असणार."

"मग झालं तर! हरणाऱ्याचाच लिफाफा जळतो, असा नियम आहे. तुमचा जळाला, म्हणजे तुम्ही हरलात, बाई."

"वा! म्हणजे घर जळालं की माणूस चोर?" गेझीनाबाईंनी बोटातले शिवणकामाचे अंगुस्तान काढून पुढे धरले. "माझ्याकडे मोहोर नाही. लिफाफ्याच्या लाखेवर हे दाबलं होतं. पेटीत बघा, एखादा तुकडा सांडला असेल."

त्साइडलर यांनी माझे झाकण उचलले. माझ्या तळाला लाल लाखेचा थेंब चिकटला होता, त्यावर अंगुस्तानाचे बारीक खळगे. त्यांनी तो पाहिला. मी शपथेवर सांगते, नीट पाहिला. मग झाकण लावले.

"रिकामी आहे."

"बरं. पदक लखलाभ होवो तुमच्या बॅरनला," बाई म्हणाल्या. "पण आमचा बांध त्यांच्या हाती देऊ नका हो. पाया किती खोल घ्यायचा, ते त्यांना कळायचं नाही."

नवा बांध घालायचे काम बॅरननाच मिळाले. तिसऱ्या वर्षी तो फुटला आणि अर्धे गाव घेऊन गेला. गेझीनाबाई त्या दिवशीही काठावर पाणी मोजत होत्या. अकादमीने दोन मिनिटे शांतता पाळली आणि नवा प्रश्न जाहीर केला: नवे बांध का फुटतात?

मित्रांनो, मला त्या विद्वानांची किळस येते. दर वर्षी मला पॉलिश करायला माणूस येतो आणि तळाचा तो डाग बघून चाकू काढतो. अजून तरी तो निघालेला नाही. तुम्ही पुढे या कपाटाचे राखणदार झालात, तर मला पुसा, घासा, हवे तर पाटी बदला. पण तेवढा लाल थेंब खरवडू नका. त्या बाईंचे नाव कुठेच छापलेले नाही.