बारवेतला बिननावाचा हंडा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना हंडा आहे आणि मी चोरीचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही बारव पाहायला याल तेव्हा माझ्याविषयी भलतंच ऐकाल.

चारठाण्याची देवळं पाहून झाली की हौशी लोक आमच्या गावाकडे वळतात, ते या बारवेसाठी. काळ्या दगडाची चौकोनी बारव, चारी बाजूंनी पायऱ्या, कोनाड्यांत झिजलेल्या मूर्ती. तिची एक कथा सांगतात. पूर्वी म्हणे कुणाच्या घरी लग्न निघालं की आदल्या सांजेला बारवेला हळदकुंकू वाहून मागणं घालायचं. सकाळी पायरीवर भांडी हजर! कार्य उरकलं की घासूनपुसून परत करायची. पुढे एका घरानं लोभापायी एक हंडा ठेवून घेतला आणि बारवेनं देणं बंद केलं. त्या भांड्यांची खूण एकच, त्यांवर कुणाचं नाव नसायचं. कथा गोड आहे. मलाही आवडायची.

माझा जन्म मात्र तांबटाच्या हातोडीखाली झाला. मेंढरं राखणाऱ्या सटवाजीनं मला जिंतूरच्या बाजारात घेतलं, लेकीला आंदण द्यायला. दुकानदारानं माझ्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं. सटवाजीला अक्षरओळख नव्हती. तरी त्यानं त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि लेकीला म्हणाला, "कासे, हे तुजं नाव हाय बग."

कासाबाईनं ते नाव जिवापाड जपलं. चिंच आणि विटकरीचा भुगा घेऊन ती मला रोज घासायची, आणि नावाच्या जागी दोन हात जास्तच. ते लख्ख दिसावं एवढीच तिची हौस.

गावात माझा मोठा थाट होता. नवरीच्या हळदीचं पाणी तापवायला मीच लागायचो.

"कासाबाई, हंडा देता का वं? उद्या हळद हाय."

"न्या की. इचारायचं काय त्येच्यात?"

बुडाला काजळी आणि पोटाला पोचे घेऊन मी कधी आठ दिवसांनी परत यायचो. ती हूं की चूं करायची नाही. पुढे तिचा नवरा गेला, लेक पुण्याला कामाला जाऊन तिथलाच झाला. मग ही लग्नघरंच तिचं गणगोत. हंडा मागायला आलेली माणसं तिला हाताला धरून पंगतीला न्यायची आणि ती दोन दिवस खुशीत असायची.

चाळीस वर्षं अशी गेली. ठिपके हळूहळू विरत गेले, पण रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

गावातला दत्ता पाहुण्यांना बारव दाखवतो. मनाचा वाईट नाही, पण ऐकणाऱ्याचे डोळे मोठे झाले की त्याची जीभ सैल सुटते. एकदा मी कासाबाईच्या ओट्यावर उपडा वाळत होतो. दत्तानं पाहुण्यांना थेट तिथेच आणलं.

"ह्यो बगा, त्योच हंडा! हाय का कुटं नाव?"

लोक हसले. फोटो निघाले. कासाबाई घरातून धावत आली. "आरं दत्ता, माज्या बापानं दिल्याला हाय त्यो! नाव हाय त्येच्यावर!" तिनं माझ्या गळ्याभोवती बोट फिरवलं. सगळं गुळगुळीत. ती पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली आणि मला तिथेच फुटून जावंसं वाटलं.

थट्टा गावभर झाली. त्याच उन्हाळ्यात बारवेचं पाणी खाली गेलं आणि थट्टेचं खरं झालं. बारव रुसली, म्हणू लागले. शेजारच्या कुसुमबाईच्या माधवीचं लग्न होतं. कुसुमबाई दारात आली, पण ओट्यावर चढली नाही.

"कासे, माज्या मनात काय बी न्हाई. पर माणसं बोलायलेत. पोरीच्या संसाराला नाट नगं."

हळदीचं पाणी दुसऱ्याच पातेल्यात तापलं. कासाबाई दिवसभर दार लोटून बँड ऐकत बसली. चूल पेटली नाही.

लग्न उरकल्यावर एका सकाळी तिनं मला डोक्यावर घेतलं आणि बारवेच्या पायऱ्या उतरली. वर गाव जमलं. "घे माय, तुजं तुला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. मग माझ्या काठाशी वाकून पुटपुटली, "माफ कर रं." आणि हात सोडला.

आता मी पाण्याखालच्या पायरीवर असतो. अंगावर हिरवा गंज चढलाय. ऊन सरळ पडलं की वरून दिसतो. दत्ता बोट दाखवून सांगतो, "चोराला पस्तावा झाला बगा!" मागच्या आठवड्यात त्याचं हे चाललेलं असताना कासाबाई वरून गेली, नव्या लुगड्यात, कुसुमबाईचा हात धरून. तिनं ऐकलं. मान खाली घातली आणि लग्नघराकडे चालत राहिली.

मित्रांनो, जुन्या वास्तूंच्या कथा जरूर ऐका. पण ऐकता ऐकता सांगणाऱ्याचं बोट एखाद्या जित्या माणसाच्या दाराकडे वळलं, तर त्या दारात जाऊन दोन शब्द विचारा.

परवा एक पाहुणे म्हणाले, हंडा वर काढून चांगल्या जागी जपून ठेवायला हवा. त्यांचा हेतू चांगलाच होता. मला इथे करमत नाही. इथे कुणी हाक मारत नाही, कुणी घासत नाही, आणि चुलीची ऊब आठवली की फार एकटं वाटतं. तरीही हात जोडून सांगतो, मला वर काढू नका. मी वर आलो की बारव पुन्हा रुसली म्हणतील, आणि कासाबाईला पुन्हा कुणी लग्नाला बोलावणार नाही.