कुंपणाजवळच्या झाडावरचा दोरा

माझा रंग बघून हसू नका, मित्रांनो. एके काळी मी लालभडक आणि पांढराशुभ्र होतो. आता लाल पदर विटकरी झालाय आणि पांढऱ्याचं तर नावच घ्यायला नको. सिरेत नदीकाठच्या एका गावात, दोन अंगणांमधल्या कुंपणाजवळ आलुबुखाराचं झाड आहे. त्याच्या फांदीवर मी राहतो. आमच्याकडे मला मार्त्सिशोर म्हणतात. मार्चच्या पहिल्या दिवशी आपल्या माणसाच्या मनगटावर मला बांधतात. मग पहिला करकोचा दिसला की सोडून फळझाडाला बांधतात.

माझा जन्म झामफिराच्या घरातला. सगळ्या आळीचे दोरे तीच वळायची. एका घराला मात्र तिचा दोरा जात नसे, ते म्हणजे शेजारच्या साफ्ताचं. साफ्ताच्या बदकांनी एकदा झामफिराचा कांद्याचा वाफा फस्त केला आणि दोघींचं असं वाजलं, की तेव्हापासून बोलणंच बंद. साफ्ताचा नवरा वारलेला, मुलगी कामासाठी इटलीत. तिच्या मनगटावर काही बांधील असं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात झामफिराला लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि तोंड एका बाजूने वाकडं झालं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती करीना. खिडकीशी बसून राही. तिची सून प्रोफिरा बिचारी चांगली. तिने दुकानातून चकचकीत दोऱ्यांचं पाकीट आणलं.

"आई, यंदा हेच वाटू या. तुम्हाला त्रास नको."

"वाट की! आणि लोकांना सांग, झामफिरा मेली म्हणून."

प्रोफिरा डोळे पुसत गोठ्याकडे गेली. तशी म्हातारीने डाव्या हाताने लोकरीचे दोन गुंडे ओढून घेतले. पदर दातात धरला आणि पीळ द्यायला लागली. पीळ बसेना. धागा सुटायचा, पुन्हा धरायची, पुन्हा सुटायचा. शेवटी गुंडा तिने भिंतीवर फेकला आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडली.

दार वाजलं नाही, सरळ उघडलंच. साफ्ता आत आली. पायातले चिखलाचे बूटसुद्धा तिने काढले नव्हते.

"दातांनी काय कुरतडतेस गं? उंदीर झालीस का?"

"तुला कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. माझ्या ओसरीवरून तुझा तमाशा दिसतो. आण ते टोक इकडे."

"तुला पीळ देता येतो? तुझी बदकं बरी तुझ्यापेक्षा!"

"बदकांना बोलावू का मग? कांदे शिल्लक आहेत ना?"

झामफिराच्या तोंडाची चांगली बाजू हलली. ती हसत होती! सुनेने दारातून ते पाहिलं आणि जागीच थबकली. तो सगळा हिवाळा त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

एक टोक झामफिराच्या डाव्या हातात, दुसरं साफ्ताच्या हातात. एक इकडे वळे, दुसरी तिकडे. "ओढू नकोस गं," "सैल सोडतेस कशाला," असं भांडत भांडत मी तयार झालो. एका टोकाला घट्ट, दुसऱ्याला ढिला, मधे एक भलीमोठी गाठ. झामफिराच्या हातून इतका वाकडा दोरा कधी उतरला नसेल.

साफ्ता मला आळीत वाटायच्या दोऱ्यांच्या टोपलीत टाकायला निघाली, तेव्हा झामफिरा म्हणाली, "तो नको टाकूस. मनगट पुढे कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना!"

बांधायला दुसरा हात कुठला? तिने आपला लुळा हात उचलून साफ्ताच्या मांडीवर ठेवला, माझं एक टोक त्याखाली दाबलं आणि डाव्या हाताने तिच्या मनगटावर गाठ मारली. साफ्ताच्या मनगटातली नाडी धडधडत होती. मला ती ऐकू येत होती.

मित्रांनो, तो महिना माझ्या आयुष्यातला सोन्याचा महिना. साफ्तासोबत मी कणीक मळली, गाईची धार काढली, साबणाच्या पाण्यात बुडालो. एका बदकाने तर मला चोच मारून एक धागाच उपटला. तिच्या मुलीने फोनच्या पडद्यावर मला पाहिलं.

"आई, किती वेडावाकडा गं! कुणी दिला?"

"झामफिराने."

पलीकडून मुलगी नाक ओढत म्हणाली, "सोडू नकोस हं, इतक्यात."

साफ्ता रोज शेजारी जायची. दोघी लोकर घेऊन बसायच्या आणि व्यायामाचं नावही न काढता ती झामफिराच्या लुळ्या बोटांत गुंडा कोंबायची. तो हात पूर्वीसारखा झाला नाही, खोटं कशाला सांगू? पण करकोचा आला त्या दिवशी काठी टेकत झामफिरा कुंपणापर्यंत चालत आली. साफ्ताने मला सोडलं. झामफिराने लुळ्या हाताच्या कोपराने फांदी खाली धरली आणि दोघींनी मिळून मला इथे बांधलं.

आता झामफिरा नाही. साफ्ता आहे, कमरेत वाकलेली. नंतरची कितीतरी वर्षं माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ऊन खाल्लं, बर्फ खाल्लं. पण तक्रार नाही. ज्यांनी मला वळलं, मनगटावर मिरवलं आणि झाडावर घर दिलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

गेल्या वसंतात एका काळ्या पाखराने माझे सुटे धागे ओढून नेले. वरच्या फांदीवर त्यांचं घरटं झालं. पिल्लं निघाली तेव्हा अंगावर पीस नव्हतं आणि रात्री गारठा होता. माझी लोकर त्यांना पुरली. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, झाडं साफ करायला कात्री घ्याल तेव्हा आधी जरा वर बघा. एखाद्या विटलेल्या दोऱ्याच्या उबेला कुणीतरी निजलेलं असेल.